जिवंत वटवट्या, नामशेष वटवट्या: दोघांना एका पानावर कसं आणायचं

पक्ष्यांची चित्रं काढणं हा माझा व्यवसाय. मार्गदर्शक पुस्तकांची पानं, संग्रहालयांतले फलक, कधी एखाद्या शोधनिबंधासाठी रेखाटनं, असं काम चालू असतं. यातलं सगळ्यांत जिकिरीचं काम म्हणजे वटवट्ये. त्यातही एखादा आजही भरपूर दिसणारा वटवट्या आणि त्याचा बेटावरचा नामशेष नातलग एकाच पानावर शेजारी शेजारी दाखवायचे असले, की माझी झोप उडते. खंड्या रंगवणारा सुखी. वटवट्याच्या अंगावर ना पट्टा, ना ठिपका, ना तुरा. वरून मातकट, खालून मळकट. फरक दाखवायचा तो मिलिमीटरमध्ये, आणि तो मिलिमीटर पक्ष्याचा आहे की वाळलेल्या कातड्याचा, हे त्याच्याही आधी ठरवायचं.

हे काम मी कसं करते ते इथे लिहिते आहे. चित्र काढायचं नसेल, नुसतं टिपण लिहायचं असेल, तरी पायऱ्या त्याच. उदाहरणासाठी एकच जोडी धरून चालू. एकीकडे क्लॅमरस रीड वॉर्बलर, म्हणजे ॲक्रोसेफॅलस स्टेन्टोरियस. रीड वॉर्बलर म्हणजे बोरू वटवट्या. याला आपण नुसतं क्लॅमरस म्हणू. इजिप्तपासून भारतावरून थेट फिलिपिन्स-इंडोनेशियापर्यंत पाणथळीतल्या बोरूत आणि पाणकणसांत हा सापडतो. दिसण्याआधी ऐकू येतो, कारण आवाज त्याच्या अंगाच्या मानाने फारच मोठा आणि खरखरीत. दुसरीकडे ग्वाम बेटावरचा बोरू वटवट्या, ॲक्रोसेफॅलस ल्युसिनियस. ग्वाम हे पश्चिम प्रशांत महासागरातल्या मारियाना बेटांपैकी सर्वांत दक्षिणेचं आणि सर्वांत मोठं बेट. तिथल्या अगान्या दलदलीत हा पक्षी शेवटचा नोंदवला गेला १९६९ च्या सुमारास. त्यानंतर नाही.

जोडी जुळते का, हे आधी बघा

बहुतेक लोक इथेच घाई करतात. दोघांच्या नावात ‘बोरू वटवट्या’ आहे, दोघं एकाच प्रजातीगणात आहेत, मग ठेवा शेजारी आणि काढा फरक. पण कुठला नातलग शेजारी ठेवला, यावर फरकाचं उत्तरच बदलतं. माझ्या मते या सगळ्या उद्योगातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

समजा क्लॅमरसऐवजी तुम्ही ग्रेट रीड वॉर्बलर निवडला. तोही याच मोठ्या चणीच्या गटातला, तोही युरोप-आशियात भरपूर. पण तो दर हिवाळ्यात सहाराच्या दक्षिणेला आफ्रिकेत जातो. एवढा प्रवास करणाऱ्या पक्ष्याचा पंख लांब आणि टोकदार असतो. त्याच्याशेजारी ग्वामचा पक्षी ठेवलात तर पंखांतला फरक डोळ्यांत भरेल, आणि तुम्ही लिहून मोकळे व्हाल की बेटावर राहून पंख आखूड नि गोल झाले. आता त्याच ठिकाणी क्लॅमरस ठेवा. तो बऱ्याच ठिकाणी बारमाही राहणारा, जाताना फार लांब न जाणारा, पंख मुळातच आखूड आणि गोलसर. फरक निम्मा गळून पडतो. म्हणजे मघाचा फरक बेटाने घडवलेला कमी आणि ग्रेट रीड वॉर्बलरच्या स्थलांतराने घडवलेला जास्त होता.

त्यातही मेख आहे. क्लॅमरसचे सगळे पक्षी एका जागी बसून नसतात. मध्य आशियातले हिवाळ्यात दक्षिणेकडे उतरतात. म्हणून नुसतं नाव लिहून भागत नाही, तुमचा नमुना कुठल्या भागातला आणि कुठल्या महिन्यातला, हे वहीत पहिल्या ओळीत लिहा.

दुसरी खातरजमा वंशाची. ग्वाम, सायपन, अगिग्वान आणि पागान या मारियाना बेटांवरचे बोरू वटवट्ये कित्येक वर्षं एकच प्रजाती मानले जायचे. मग संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांच्या पायाच्या तळव्यांतून चिमूटभर ऊती घेऊन डीएनए वाचला गेला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून दिसलं, की हे सगळे एका पूर्वजाची लेकरं नाहीत. या द्वीपसमूहात बोरू वटवट्ये एकाहून अधिक वेळा येऊन वसले. आता त्यांच्या चार प्रजाती मानतात. त्यांपैकी फक्त सायपनचा हयात आहे. अगिग्वानचा १९९५ नंतर दिसला नाही. पागानवर मे १९८१ मध्ये ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला, त्याआधीच मोकाट जनावरांनी तिथलं रान खाल्लेलं होतं. तोही गेला. मार्केसस बेटांवरही असंच निघालं: उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे बोरू वटवट्ये दिसायला भावंडं, पण वंश वेगळे.

याचा व्यवहारात अर्थ काय, तर १९९० च्या दशकातलं पुस्तक उघडून ‘नायटिंगेल रीड वॉर्बलर’ या नावाखालची मापं उचलू नका. ती चार पक्ष्यांची खिचडी असू शकते. प्रत्येक मापाशेजारी बेटाचं नाव असेल तरच घ्या.

दोन नव्हे, निदान चार पक्षी

वरच्या कारणामुळे मी कधीही दोनच पक्षी समोर ठेवत नाही. माझी मांडणी अशी असते: एक मुख्य भूमीवरचा बारमाही नातलग (क्लॅमरस), एक मुख्य भूमीवरचा लांब पल्ल्याचा प्रवासी (ग्रेट रीड वॉर्बलर), एक बेटावरचा हयात नातलग (सायपनचा), आणि शेवटी नामशेष पक्षी. अंतिम पानावर दोनच येणार असतात, पण टेबलावर चार हवेत. मग एखादा गुण फक्त नामशेष पक्ष्यात आहे, की बेटांवरच्या सगळ्यांतच आहे, की मुळात प्रवाशालाच वेगळं काढतो आहे, हे तुम्हाला डोळ्यांनी दिसतं.

सायपनचा पक्षी इथे फार उपयोगी. ग्वामपासून उत्तरेला, तशीच हवा, तसेच कीटक. पण तो ग्वामच्या पक्ष्याचा सख्खा भाऊ म्हणून वापरायचा नाही. त्याच्यावरून तुम्हाला मारियानांतला मोठा बोरू वटवट्या फांदीवर कसा बसतो, डोक्यावरची पिसं कशी विस्कटल्यासारखी उभी ठेवतो, लांब चोच कशी वापरतो, एवढं कळू शकतं. तो दलदलीपेक्षा चढावरच्या झुडपांत, विशेषतः सुबाभळीच्या दाट रानात जास्त राहतो. ग्वामचा मात्र गोड्या पाण्याच्या बोरूला धरून होता. तेव्हा सायपनच्या पक्ष्याचा फोटो बघून ग्वामचा पक्षी सुबाभळीवर बसवला, तर चित्र सुंदर आणि चुकीचं होईल.

संग्रहालयाला काय मागायचं

नामशेष पक्ष्याचे नमुने म्हणजे स्किन: आत कापूस भरलेलं, पाठीवर निजवलेलं, पायाला लेबल बांधलेलं कातडं. तुम्हाला ते प्रत्यक्ष हाताळायला मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर फोटो मागवा, पण काय हवं ते नेमकं लिहून. ‘कृपया छायाचित्रं पाठवा’ एवढंच लिहिलंत तर एक सुंदर, तिरप्या उजेडातला, निरुपयोगी फोटो येईल.

मी मागते ते असं. पाठ, पोट आणि दोन्ही बाजू, कॅमेरा बरोबर वरून. चोचीचा जवळून फोटो, आणि मोजपट्टी चोचीच्याच उंचीवर धरलेली. पट्टी टेबलावर आणि चोच दोन सेंटिमीटर वर असेल तर जवळची चोच मोठी दिसते आणि सगळं माप फुगतं. शेजारी रंगपट्टी. मिटलेल्या पंखाचं टोक, असं की प्रत्येक पिसाचं टोक वेगळं मोजता येईल. आणि लेबल, दोन्ही बाजूंनी. मागची बाजू विसरू नका, मूळ संग्राहकाची पेन्सिल बहुधा तिथेच असते.

कुठल्या संग्रहालयात काय आहे, हे जीबीआयएफ आणि व्हर्टनेट यांसारख्या खुल्या सूचींमध्ये शोधता येतं. जुनी मूळ वर्णनं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत फुकट वाचायला मिळतात. ग्वामच्या पक्ष्याचं पहिलं वर्णन क्वा आणि गेमार या फ्रेंच निसर्गतज्ज्ञांचं, १८३० च्या दशकाच्या सुरुवातीचं. ते द्युमों द्युर्विलच्या ‘ॲस्ट्रोलाब’ जहाजावर होते. अशी वर्णनं जरूर वाचा, पण एका कारणासाठी: तेव्हाचे लोक ताजा पक्षी बघत होते. डोळ्याचा, पायाचा, चोचीच्या बुडाचा रंग त्यांनी लिहिला असेल, तर तो आज कुठल्याही कातड्यावर मिळणार नाही.

लेबलावर आंधळा विश्वास नको. याच गणातला ॲस्ट्रोलाब रीड वॉर्बलर फक्त दोन नमुन्यांवरून माहीत आहे, आणि ते दोन पक्षी नेमके कुठल्या बेटावरचे, यावर बराच काळ एकमत नव्हतं. जुन्या मोहिमांत एक जहाज वर्ष-दोन वर्षं बेटामागून बेट करत फिरायचं आणि लेबलं कधी कधी परत आल्यावर लागायची.

मोजायचं कसं

हातात व्हर्नियर कॅलिपर असावं. छापील फोटोवरून मोजताना मी कंपासपेटीतलं कर्कटक वापरते. संगणकाच्या पडद्यावर मोजण्यापेक्षा मला ते बरं वाटतं. यात शास्त्र काही नाही, सवय आहे.

चोच मोजण्याच्या तीन पद्धती आहेत: टोकापासून कवटीला टेकेपर्यंत, टोकापासून कपाळाची पिसं सुरू होतात तिथवर, आणि टोकापासून नाकपुडीच्या पुढच्या कडेपर्यंत. एकाच चोचीची तीन वेगळी उत्तरं येतात. दोन पुस्तकांतली मापं शेजारी ठेवण्याआधी दोघांनी कुठून कुठे मोजलं, ते प्रस्तावनेत शोधा. तिथे ते नसेल तर ती मापं सोडून द्या. जुन्या कातड्यांसाठी मला नाकपुडीचं माप सर्वांत भरवशाचं वाटतं. कपाळाची पिसं झडलेली असतात आणि कवटी कधी कधी दबलेली, पण नाकपुडी जागा सोडत नाही.

पंखाचंही तसंच. एकजण पंख आहे तसा, नैसर्गिक बाक ठेवून मोजतो. दुसरा दाबून, सरळ करून मोजतो. दुसऱ्याचं माप नेहमी मोठं. शिवाय कातडं वाळताना पंख साधारण एक-दोन टक्के आक्रसतो. म्हणून जाळ्यात धरून मोजलेला जिवंत क्लॅमरस आणि शंभर वर्षं खणात पडलेला ग्वामचा नमुना यांची मापं थेट समोरासमोर ठेवायची नाहीत. क्लॅमरसचेही जुने नमुनेच घ्या. कातड्याची तुलना कातड्याशीच करा.

नर-मादी वेगळे काढा. या गणात नर सहसा मोठा. लेबलावर लिंग लिहिलेलं नसेल तर तो नमुना सरासरीत मिसळू नका, वेगळ्या रकान्यात ठेवा. पिल्लावस्थेतून नुकता बाहेर पडलेला असेल तर चोच पुरती वाढलेली नसते. त्याला तर बाजूलाच ठेवा.

आता गुणोत्तरं. दोघंही साधारण सारख्या अंगाचे, अठरा-वीस सेंटिमीटरचे. तरी ग्वामचा पक्षी बघताच त्याची चोच लांब वाटते. वाटण्यावर जायचं नाही. चोच भागिले पंख, चोच भागिले पायाची नळी, शेपूट भागिले पंख, अशी गुणोत्तरं काढा आणि चौघांची एका तक्त्यात मांडा. प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे बोरू वटवट्ये एकूणच लांब चोचीचे. ताहितीचा तर आपल्या लांबलचक चोचीने बांबूच्या बेटांत कीटक उकरत फिरतो. पण पंख आखूड असला की चोच भागिले पंख हे गुणोत्तर आपोआप वाढतं, चोच तेवढीच राहिली तरी. म्हणून पायाच्या नळीशीही भागून बघायचं. दोन्हीकडून चोच लांब आली तरच ‘लांब चोच’ असं लिहा.

पंखाचा आकार: इथे थांबा आणि वेळ द्या

वटवट्यांत खरी ओळख पंखाच्या टोकाला असते. मिटलेल्या पंखावर आतल्या पिसांच्या पलीकडे उडणपिसं, म्हणजे पंखाच्या टोकाकडची लांब पिसं, किती बाहेर डोकावतात, ते आधी मोजा. लांब प्रवास करणाऱ्यांत हा डोकावणारा भाग लांब, बारमाहींत आखूड. मग पंखाचं सूत्र लिहा: कुठलं उडणपीस सर्वांत लांब, बाकीची त्याच्यापेक्षा किती मिलिमीटरने कमी, कुठल्या पिसाच्या कडेला खाच आहे आणि ती खाच कुठवर पोचते.

पिसांचे क्रमांक घालताना सावध. काही पुस्तकं बाहेरून आत मोजतात, काही आतून बाहेर. एकाचं दुसरं पीस ते दुसऱ्याचं नववं. वहीच्या पानावर वर एक छोटी आकृती काढून बाण दाखवा की तुम्ही कुठून सुरुवात केलीत.

यातून एक साधा आकडा काढता येतो. पंख मिटलेला असताना सर्वांत लांब उडणपिसाच्या टोकापासून पहिल्या दुय्यम पिसाच्या (उडणपिसांच्या लगेच आतल्या बाजूचं पीस) टोकापर्यंतचं अंतर घ्या, त्याला पंखाच्या लांबीने भागा, शंभराने गुणा. समजा पंख ८० मिलिमीटर आणि हे अंतर १६, तर उत्तर २०. आकडा जितका मोठा तितका पंख टोकदार. कमी आला की गोल. चार पक्ष्यांचे हे आकडे ओळीने लिहिलेत की मघाशी ग्रेट रीड वॉर्बलरबद्दल जे सांगितलं, ते एका नजरेत दिसतं.

गोल पंख म्हणजे उडता येत नव्हतं, असा अर्थ कोणी काढू नये. उडता येत होतं. लांब जाण्याची गरज आणि ओढ कमी झाली, एवढंच. सेशेल्समधला बोरू वटवट्या १९६० च्या दशकात एका कझिन बेटावर तिसाच्या आसपास उरला होता. ते बेट १९६८ मध्ये संवर्धनासाठी विकत घेतलं गेलं, झाडी वाढू दिली, पक्षी वाढले, बेट भरून वाहू लागलं. तरीही शेजारची बेटं हे पक्षी आपण होऊन वसवेनात. शेवटी १९८८ मध्ये २९ पक्षी माणसांनी उचलून अराइड बेटावर नेले. तिथे ते झपाट्याने वाढले.

पंख मोजायचा कंटाळा येणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पक्षी अभ्यासक ॲलन ह्यूमला १८६७ मध्ये सतलजच्या खोऱ्यात एक वटवट्या मिळाला. तो एकच नमुना. पुढे कित्येक वर्षं काही जाणकार त्याला क्लॅमरसच्याच पोटात घालत होते. डीएनए आणि बारीक मोजमाप दोन्ही करून २००२ मध्ये ती वेगळी प्रजाती ठरली: लार्ज-बिल्ड रीड वॉर्बलर. २००६ मध्ये थायलंडमध्ये एक जिवंत सापडला. त्यानंतर संग्रहालयात ब्लाइदचा बोरू वटवट्या या दुसऱ्याच प्रजातीच्या खणात आणखी एक जुना नमुना मिळाला, आणि २००९ च्या सुमारास अफगाणिस्तानातल्या वाखानमध्ये त्यांची विणीची जागा. चोच, नखं, शेपटीच्या पिसांचा आकार आणि पंखाचं सूत्र यांच्यावरूनच तो ओळखला जातो. इतकी वर्षं सगळं खणात होतं.

रंग

रंगाबद्दल मी कमीत कमी बोलते. जुन्या कातड्यांवरचा तपकिरी रंग काळानुसार तांबूस होत जातो, पिवळा फिकट होतो. ग्वामचा पक्षी वरून राखट ऑलिव्ह-तपकिरी, खालून फिकट पिवळा आणि पिवळट भुवईचा असं वर्णन आहे. क्लॅमरस वरून ऑलिव्ह-तपकिरी, कंबरेशी थोडा उबदार, खालून मलईसारखा, कुशीला पिंगट, भुवई पुसट. या फरकातला पिवळेपणा खरा धरायला हरकत नाही, कारण फिका पडूनही तो उरलेला आहे. पण तपकिरीच्या छटा? क्लॅमरसचेही तितकेच जुने नमुने मागवून बघा. ते किती तांबूस झाले आहेत तेवढी तांबूस छटा ग्वामच्या पक्ष्यातूनही वजा करा.

झिजलेली पिसंही फसवतात. विणीनंतरचा पक्षी फिका आणि फाटका, पिसं झडून नवी आल्यावर उजळ. दोन वेगळ्या ऋतूंतले पक्षी शेजारी ठेवून रंगाचा फरक काढू नका. आणि याच गणात काळपट रूपंही असतात: ताहितीच्या पक्ष्यात आहेत, इस्रायलच्या भागातल्या क्लॅमरसमध्येही. एकुलता एक काळा नमुना म्हणजे नवी प्रजाती नव्हे.

कातड्यावर नसतं ते

तोंडाच्या आतला रंग, डोळ्याच्या बुबुळाचा रंग, पायाचा जिवंत रंग, बसण्याची ढब. हे सगळं हयात नातलगांकडून उसनं घ्यावं लागतं, आणि उसनं घेतलं तर तसं लिहावं लागतं. मी फलकाच्या कच्च्या आराखड्यावर अशा प्रत्येक जागी पेन्सिलीने छोटं वर्तुळ करते, म्हणजे संपादकाला कळतं की इथे चित्रकर्तीचा अंदाज आहे.

आवाजाची तुलना करायची असेल तर झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावर क्लॅमरसचे ढीगभर आवाज आहेत. पण ज्याची ध्वनिमुद्रणं तुमच्या हातात नाहीत, त्याचं गाणं सायपनच्या पक्ष्यावरून रचू नका. वंश वेगळा, गाणं शिकलेलं, बेट दुसरं. इथे रिकामी जागा सोडलेली बरी.

अंड्यांचं मात्र सांगण्यासारखं आहे. क्लॅमरस पाण्यावर उभ्या बोरूच्या देठांना विणून खोल वाटीसारखं घरटं करतो आणि तीन ते सहा अंडी घालतो. बेटांवरचे नातलग कमी घालतात: हवाईच्या निहोआ बेटावरचा मिलरबर्ड बहुधा दोन, सेशेल्सचा बहुधा एकच. म्हणून एखादं संकट आलं की बेटावरच्या पक्ष्याला भरपाई करायला जास्त वर्षं लागतात. पानावर जागा असेल तर चोचीपेक्षा मी हा फरक आधी लिहीन.

‘का गेला’ हे पक्ष्याच्या अंगावर शोधू नका

तुलना करून झाली की हात शिवशिवतात: लांब चोच, गोल पंख, म्हणूनच बिचारा टिकला नाही. हे वाक्य लिहू नका. ग्वामवर दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी मालातून तपकिरी वृक्षसर्प येऊन पोचला आणि पुढच्या दशकांत बेटभर पसरला. तिथल्या रानपक्ष्यांच्या विनाशामागे तो आहे, हे संशोधक ज्युली सॅव्हिजने १९८७ मध्ये मांडलं. तिथल्या बोरू वटवट्याच्या बाबतीत साप होताच, शिवाय दलदलींचा निचरा, बोरूला लागणाऱ्या आगी आणि कीटकनाशकंही. साप नसलेल्या सायपनवर त्याच घडणीचा पक्षी अजून आहे.

हवाईच्या लेसान बेटावर तर साप नव्हताच. तिथे १९०३ मध्ये ससे सोडले गेले. सशांनी बेट उघडं केलं, आणि १९२३ मध्ये ‘टॅनेजर’ जहाजावरची संशोधन मोहीम पोचली तेव्हा लेसानचा मिलरबर्ड उरला नव्हता. त्याच मोहिमेत निहोआवर त्याचा भाऊ मात्र सापडला. ससे केव्हाच संपवलेले आणि झाडी परत आलेली असताना, २०११ आणि २०१२ मध्ये निहोआचे एकूण ५० पक्षी लेसानला नेऊन सोडले गेले. तिथे त्यांनी घरटी केली. लेसानच्या जुन्या पक्ष्याची तुलना करायची तर आज हा शेजारी हाताशी आहे, पण तो त्याचा वारस आहे, तोच नव्हे.

नमुने अगदीच थोडे असतील तर

हिंदी महासागरातल्या अल्डाब्रा प्रवाळबेटावरचा ब्रश वॉर्बलर १९६७ मध्ये जगाला कळला, तोही मलाबार नावाच्या एका बेटाच्या किनाऱ्यालगतच्या जेमतेम दहा हेक्टर दाट झुडपांत. १९८३ मध्ये शेवटचा दिसला. मादागास्करचा ब्रश वॉर्बलर त्याचा नातलग, आजही तिथे सर्रास आढळणारा. अल्डाब्राचे नमुने इतके कमी की सरासरी काढणं हा विनोद ठरेल. अशा वेळी उलट बाजूने जायचं: मादागास्करच्या पक्ष्याचे जमतील तेवढे नमुने मोजा, त्यांचा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा काढा, आणि अल्डाब्राचा पक्षी त्या पट्ट्यात बसतो की बाहेर पडतो, एवढंच लिहा. बाहेर पडला तर फरक आहे. आत बसला तर फरक सिद्ध झालेला नाही, आणि तेवढंच लिहायचं.

ग्वामच्या पक्ष्यालाही हीच कसोटी लावा. नमुने बरे असले तरी.

पानावर मांडताना

दोन्ही पक्षी एकाच प्रमाणात, एकाच दिशेला तोंड करून, एकाच उजेडात. एक पुढे झुकलेला आणि एक ताठ बसलेला काढलात तर वाचक बसण्यातला फरक बघतो, चोचीतला नाही. चोच आणि पंखाचं टोक वेगळं मोठं करून बाजूला द्या. दोघांच्या मागे बोरूच काढा. ग्वामच्या पक्ष्याला नारळ आणि समुद्र देण्याचा मोह टाळा, तो गोड्या पाण्याच्या दलदलीतला होता.

खाली मजकुरात हे यावं: नमुना कुठल्या बेटावरचा, कुठल्या वर्षाचा, कुठल्या संग्रहालयातला आणि कितव्या क्रमांकाचा, नर की मादी, किती नमुने मोजले, चोच कुठून कुठे आणि पंख कसा मोजला, कुठला रंग कातड्यावरून आणि कुठला हयात नातलगावरून घेतला. संपादक म्हणेल, एवढं कोण वाचतं. अक्षर बारीक करा, पण गाळू नका. पुढे कोणाला हीच जोडी पुन्हा मोजायची असेल तर तो चित्राआधी हाच मजकूर शोधेल.